दोनदा डिपर

नागपुरात मी गाडी शिकलो तेव्हा ब्रेकच्या आधी हॉर्न शिकलो आणि हॉर्नच्या पाठोपाठ डिपर. गाडी म्हणजे दुचाकी. चारचाकीला आमच्याकडे 'कार' म्हणत, कारण ती दुसऱ्यांकडे असे. डाव्या हाताच्या बोटाशी असलेलं बटण दाबलं की पुढचा दिवा भपकन मोठा होतो, आणि त्याचा अर्थ एकच असतो : मी येतोय, तू थांब. ट्रकच्या मागेसुद्धा लिहिलेलं असतं, रात्री डिपर वापरा. अक्षरओळख झाल्यापासून मी ते वाचत आलो होतो. त्याचा दुसरा काही अर्थ असेल अशी शंका मला पंचेचाळीस वर्षांत एकदाही आली नाही.

कॅलिफोर्नियात आल्यावर बारा वर्षं मी मुकाट्यानं कार चालवली. फ्रीमॉन्टहून सॅन होजेला ऑफिस, सकाळी आठशे ऐंशी नंबरचा हायवे, आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे. मग एकदा शेजारून एक मोटरसायकल दोन रांगांच्या मधून सुळकन निघून गेली. मी बायकोला म्हटलं, बघ, याला आता पोलीस धरणार. ती म्हणाली, इथे चालतं ते, कायद्यानं चालतं. इतकी वर्षं राहून मला ते माहीत नव्हतं. त्याला इथे लेन स्प्लिटिंग म्हणतात. आम्ही त्याला गाडी घुसवणं म्हणायचो आणि त्यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहायचो नाही. त्याच महिन्यात मी मोटरसायकल घेतली.

लायसन्ससाठी एका कॉलेजच्या पार्किंगमध्ये शनिवार-रविवारचा कोर्स केला. शिकवणारे सत्तरीचे आजोबा होते, गुडघ्यात वाकलेले, पण गाडीवर बसले की ताठ. त्यांनी सांगितलं, ट्रॅफिकपेक्षा फार तर दहा मैल जास्त वेग ठेवा. दोन ट्रकच्या मध्ये जाऊ नका. इंडिकेटरवर विश्वास ठेवू नका, कारचं पुढचं चाक बघा, ते आधी वळतं. शेजारच्या रांगेत जागा मोकळी दिसली की समजा, कुणीतरी तिथे उडी मारणारच. मी मान डोलावत होतो आणि मनात हसत होतो. सीताबर्डीच्या गर्दीतून, मागे आईला आणि पुढे गॅसचा सिलिंडर घेऊन गेलेल्या माणसाला हे काय शिकवणार? शेवटी ते म्हणाले, "दिवा तुम्ही दिसावं म्हणून आहे. बोलण्यासाठी नाही." हे वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं. बाकीची कळूनही मी पाळली नाहीत.

गाडी मात्र झकास चालायची. कारवाले आवाज ऐकून जरा बाजूला सरकायचे, मी दोन बोटं वर करून आभार मानायचो. पन्नास मिनिटांचा रस्ता पंचवीस मिनिटांवर आला. ऑफिसात मी हेल्मेट काखेत घेऊन लिफ्टमध्ये शिरायचो, तेव्हा पोट जरा आत घ्यायचो. हे लिहायची गरज नव्हती, पण माझी मिजास किती होती ते कळावं म्हणून लिहितो.

ती सकाळ मंगळवारची होती. मला नऊच्या मीटिंगला उशीर झाला होता. ट्रॅफिक वीसच्या वेगानं सरकत होतं आणि मी डावीकडून पहिल्या-दुसऱ्या रांगेच्या मधून चाळीसनं चाललो होतो. पुढे, माझ्या उजव्या हाताला, एक पांढरी व्हॅन डावा इंडिकेटर देत होती. तिच्या शेजारी पहिल्या रांगेत एका गाडीपुरती जागा झाली होती. मी दोनदा डिपर मारला. मी येतोय, थांब. व्हॅनच्या खिडकीत एक हात वर झाला. मला वाटलं, चालवणाऱ्या बाईनं मला पाहिलं, जा म्हणाली. मी वेग कमी केला नाही, आणि व्हॅन सरळ माझ्यासमोर आली.

तिच्या दाराला माझा उजवा खांदा लागला एवढं कळलं. मग मी रस्त्यावर होतो आणि डांबर गरम होतं.

ती बाई धावत आली. साठीच्या जवळपासची असेल, निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र. हलू नकोस, हेल्मेट काढू नकोस, असं तिनं मला तीन-चारदा बजावलं. व्हॅन मागे घेऊन तिनं ती आडवी लावली, म्हणजे मागच्या गाड्या माझ्यावर येऊ नयेत. ऊन सरळ तोंडावर येत होतं. उभ्या गाडीच्या काचेला आतून लावतात तो चंदेरी पुठ्ठा तिनं व्हॅनमधून आणला, माझ्या बाजूला रस्त्यावर फतकल मारून बसली, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तो माझ्या डोक्यावर धरून राहिली. त्याची सावली माझ्या तोंडावर पडत होती. बोलता बोलता तिनं सांगितलं की ती म्हाताऱ्या पेशंटांना डायलिसिसला ने-आण करते. व्हॅन आत्ता रिकामी होती, देवाची कृपा. पहिले आजोबा साडेनऊला घराच्या पायरीवर येऊन बसतात, त्यांना कुणीतरी कळवायला हवं.

अँब्युलन्सच्या आधी हायवेचा पोलीस आला. तिनं त्याला सांगितलं, यानं मला दोनदा लाइट दिला, म्हणून मी आत आले. पोलीस माझ्याकडे वळला. वेग किती होता, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तीस असेल. मग त्यानं विचारलं, "तू तिला लाइट फ्लॅश केलास?"

चोराच्या मनात चांदणं. मला त्या प्रश्नात आरोप ऐकू आला. कोर्सच्या आजोबांचं ते दिव्याबद्दलचं वाक्य आठवलं. लाइट मारणं म्हणजे इथे दादागिरी समजत असतील, घाई करत होता असं लिहितील, मग वेगही मोजतील, असं भराभर डोक्यात आलं. बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. आपल्या बाजूचा साक्षीदार बोलायची आपण वाट बघतो ना, तशी ती बघत होती. मला हळूच म्हणाली, "त्याला सांग ना. मी ड्रायव्हिंगचंच काम करते."

मी म्हणालो, "नाही. मी लाइट मारला नाही."

तिचा हात हलला नाही, सावली तशीच राहिली. फक्त तिनं माझ्याकडे बघायचं थांबवलं.

कॉलरबोन तुटलं होतं. दोन महिने उजवा हात झोळीत होता आणि मी घरात. भेटायला माणसं येत होती. आमचा बुद्धवंदनेचा एक गट आहे, बहुतेक नागपूर, अमरावती, अकोल्याची कुटुंबं. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. त्या सगळ्यांनी आमच्याकडे इतके डबे पाठवले की फ्रिजचं दार लागेना. आणि प्रत्येकाला मी किस्सा सांगायचो. त्यात मी दहा मैलांचा नियम पाळणारा शहाणा मुलगा होतो आणि एका बाईनं न बघता व्हॅन घातली होती. तोंड वर करून वर पोलिसाला सांगते की यानं मला लाइट दिला! एकदा नाही, दोनदा म्हणे! इथे सगळे हसायचे. कुणीतरी तिचं नाव 'लाइटवाली बाई' ठेवलं. मग घरात ते रूढच झालं. कुणी काही थापा मारल्या की आम्ही म्हणायचो, हो का, दोनदा का?

मी लाइट मारला होता हे मला माहीत होतं. पण मी तो 'थांब' म्हणून मारला होता, आणि ती म्हणत होती की तिला 'ये' म्हटलं. म्हणजे ती खोटंच बोलत होती. मग माझ्या खोट्यानं तिचं खोटं कापलं गेलं, फिट्टंफाट, असा माझा हिशेब होता. इन्शुरन्सच्या माणसालाही मी फोनवर तेच सांगितलं आणि त्यानं तेच लिहून घेतलं. चूक तिची ठरली.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. खांदा सुधारल्यावर मी तिला कार शिकवायला नेऊ लागलो. एका रविवारी सकाळी डावीकडे वळायला ती चौकात थांबली होती. समोरून एक पिकअप येत होता. त्यानं वेग कमी केला आणि दोनदा दिवा मारला. माझा पाय माझ्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर गेला. पण मुलीनं एक हात वर केला आणि गाडी वळवली. मी "थांब, थांब" म्हणून इतक्या जोरात ओरडलो की तिनं पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. ती रडवेली झाली होती.

"डॅड, व्हॉट वॉज दॅट?"

मी म्हटलं, तो लाइट मारत होता, दिसलं नाही तुला?

"येस! ही फ्लॅश्ड मी. इट मीन्स गो. एव्हरीबडी नोज दॅट."

मी तिला विचारलं, आणि हात कशाला वर केलास?

"टू से थँक यू," ती म्हणाली.

तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच गाडी घरी आणली. मला दिसत होता व्हॅनच्या खिडकीतला तो हात. जा म्हणणारा माणूस तळहात पुढे ढकलतो. तो हात नुसता वर झाला होता, बोटं जुळलेली, क्षणभर. ती माझे आभार मानत होती. मी तिला बोलावलं होतं, ती थँक यू म्हणून आली होती, आणि मी पोलिसाला सांगितलं होतं की मी बोलावलंच नाही.

तरी खात्री म्हणून सोमवारी ऑफिसात तिघांना विचारलं. दोन अमेरिकनांना तर प्रश्नच कळेना, याचा दुसरा काय अर्थ असणार? तिसरा पुण्याचा, माझ्याआधी आलेला. तो म्हणाला, "अरे यार, मला पण पहिली दोन वर्षं उलटंच वाटायचं. एकदा मरता मरता वाचलो. तुला कुणी सांगितलं नाही?" मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. मला गाडी येत होती ना.

त्या रात्री बायकोला सांगितलं. लाइट मारला होता हे मी तिच्यापासूनही लपवलं होतं, त्यामुळे सांगताना दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. ती चपातीचं पीठ मळत होती. तिनं मळणं थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मग फोन कर." मी म्हटलं, आता केस बंद झाली, इन्शुरन्सवाले म्हणतात परस्पर बोलू नका, वकील वगैरे होईल. ती म्हणाली, "पडल्यावर बोलता येत होतं ना? नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. हो म्हणायला काय होतंय?"

मी तीन आठवडे मूग गिळून बसलो. बायकोनं पुन्हा विषय काढला नाही. फक्त मुलगी एकदा सहज 'दोनदा का?' म्हणाली, तेव्हा तिनं मुलीकडे असं काही बघितलं की आमच्या घरातून तो विनोद बंद झाला.

मग वंदनेचा रविवार आला. आम्ही पन्नासेक माणसं एका घराच्या गराजमध्ये सतरंजीवर बसलो होतो. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणी वस्तीतल्या विहारात मी ते सगळ्यात मोठ्यानं म्हणायचो, कारण बाकीची शीलं मोडायचं माझं वय नव्हतं आणि हे मी रोज मोडायचो. त्या दिवशी माझे ओठ हललेच नाहीत. शेजारी अकोल्याच्या एक काकू होत्या, रिटायर्ड शिक्षिका. वर्गातल्या गप्प पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. वंदना झाल्यावर विचारलं, "घसा बसलाय का रे?"

"हो ना काकू, सर्दी आहे," मी म्हटलं.

तोंडातून शब्द गेले आणि मला स्वतःची किळस आली. त्या शीलाला दहा मिनिटंही झाली नव्हती. काकूंनी पर्समधून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

सोमवारी दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कारमध्ये बसून आधी इन्शुरन्सला फोन लावला. मी लाइट मारला होता, दोनदा, आणि माझा वेग तीस नव्हता, चाळीस होता, असं सांगितलं. फोनवरची मुलगी बराच वेळ टाइप करत राहिली. तिनं विचारलं, हे आत्ता का सांगताय? मी म्हटलं, मला त्या लाइटचा अर्थ माहीत नव्हता. म्हटलं आणि लगेच कळलं की हीसुद्धा पळवाट आहे. अर्थ माहीत नव्हता हे खरं, पण मारला होता हे तर माहीत होतं. मी ते वाक्य परत घेतलं आणि म्हणालो, मी खोटं बोललो होतो. तिनं तेही टाइप केलं.

तिथे थांबलो असतो तर चाललं असतं, असं तेव्हाही वाटलं. पण अपघाताच्या वेळी पोलिसानं दिलेला कागद पाकिटात होता, त्यावर त्या बाईचा नंबर होता. मी तो चार महिने पाकिटातून काढला नव्हता आणि फेकलाही नव्हता.

तिनं दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मी कोण ते सांगितलं. तिनं पहिलं विचारलं ते माझ्या खांद्याबद्दल. हाड जुळलं का, रात्री झोप लागते का. मी म्हटलं, बरा आहे. मग घरून पाठ करून आलेली सगळी वाक्यं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "मी लाइट मारला होता."

मी घाईघाईनं सांगू लागलो की आमच्याकडे लाइटचा अर्थ उलटा असतो, आमच्या देशात ट्रकवर लिहिलेलं असतं. तिनं मला मध्येच थांबवलं.

"कितीदा?"

"दोनदा," मी म्हणालो.

"दोनदा," ती म्हणाली. परत म्हणाली, "दोनदा."

मग ती सावकाश बोलू लागली. तिच्या आईला साठीतच खिडकीत माणसं दिसायला लागली होती. नसलेली माणसं. एक उंच माणूस आणि एक लहान मुलगी. त्यांच्यासाठी ती टेबलावर ताटं मांडायची. सुरुवात तशी झाली, आणि मग चार वर्षांत तिनं हिला ओळखणं बंद केलं. "मी एकोणसाठची आहे," ती म्हणाली. "तू रस्त्यावर पडलेला होतास, हाड तुटलेलं, वेदनेत होतास. अशा वेळी माणूस कशाला खोटं बोलेल? मी तुला खोटा नाही समजले. मला वाटलं, माझं सुरू झालं."

मी विचारलं, कामावरून तुम्हाला काढलं का? ती म्हणाली, नाही, किल्ल्या मीच नेऊन दिल्या. मागे पेशंट बसलेले असतात, उद्या मला हिरवा दिवा दिसेल आणि तो नसेलच, तर? आता ती ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा लावते. डोळे दोनदा तपासून घेतले, ठणठणीत निघाले. डोक्याच्या डॉक्टरची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मुलाला अजून सांगितलेलं नाही. रात्री झोपायच्या आधी ती रोज तो आरसा आठवून बघायची. आरशात मोटरसायकल, दिवा एकदा, दिवा दोनदा. रोज तस्संच दिसायचं, आणि रोज तिला त्याचीच भीती वाटायची.

मी म्हटलं, तुमच्या साहेबांना मी लेखी देतो, हवं तर येऊन सांगतो. बरं, ये, ती म्हणाली, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. ती रडत होती की काय मला कळेना, आणि विचारायचा मला काही अधिकार नव्हता. माफी मागायची राहिलीच होती. मी शब्द जुळवत होतो.

"म्हणजे मला खरंच दिसलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"थँक यू," ती म्हणाली.